‘बंद लिफ्ट’चे आठ अल्बम आणि माझ्या पश्चात त्यांची व्यवस्था

या दस्तऐवजातून मला दोन विधाने सिद्ध करायची आहेत. पहिले : ‘बंद लिफ्ट’ या रॉक बँडच्या आठ अल्बमांपैकी चौथा सर्वोत्कृष्ट असून सहावा सपशेल फसलेला आहे. दुसरे : माझा रेकॉर्डसंग्रह धाकट्या बहिणीला न देण्याचा माझा निर्णय पहिल्या विधानातून निघतो, रागातून नव्हे. घर, पुस्तके व इतर किरकोळ मालमत्तेची वाटणी ओघाने येईल.

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवून निवृत्त, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे. आज सकाळी वर्तमानपत्राच्या अग्रलेखात मी तीन तर्कदोष दाखवले, यावरून बुद्धी शाबूत असल्याचे मानावे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नीने फक्त एवढे विचारले, “अहो, मृत्युपत्र लिहिताय की पेपर तपासताय?” या प्रश्नाला दडपण म्हणता येत नाही. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे मी रद्द करतो. पहिल्यात पाचव्या अल्बमविषयी अवाजवी औदार्य दाखवले गेले होते आणि दुसरे लिहिताना मला ताप होता.

कलम १. राहते घर, पुढील कलमांतील वस्तू वगळता आतील सर्व सामानासह, पत्नीला. समोरच्या खोलीत दोन्ही स्पीकरांच्या पायांभोवती फरशीवर पांढऱ्या रंगाने आखलेले चौकोन आहेत. स्पीकर त्या रेषेबाहेर जाऊ नयेत, हा माझा नियम तिने बेचाळीस वर्षे पाळला, म्हणजे माझ्यादेखत पाळला. माझ्या पश्चात तिने ते हवे तिथे सरकवावेत. उजव्या स्पीकरवर कुंडी ठेवण्याचा तिचा जुना अर्ज मी या कलमान्वये मंजूर करतो.

कलम २. पुस्तके मुलीला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ‘बंद लिफ्ट’विषयी तिचे मत, तिच्याच शब्दांत, “बाबा, सगळी गाणी एकच आहेत” असे आहे. मत चुकीचे आहे, परंतु ज्याला आठही अल्बम सारखेच नकोसे वाटतात त्याच्याइतका निःपक्षपाती व्यवस्थापक मिळणे कठीण.

कलम ३. आता संग्रह. हा संपूर्ण संग्रह, खालील एक अपवाद वगळता, मी जिथे शिकवले त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावा. कारणे अल्बमवार देतो.

पहिला, ‘दार ढकला’, तीन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला. ड्रमर प्रत्येक गाण्यात बाकीच्यांच्या अर्धे पाऊल पुढे धावतो आणि बाकीचे धापा टाकत त्याला गाठतात. हा दोष आहे. याच दोषापायी चोविसाव्या वर्षी, हातात इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन, मी रेकॉर्डच्या दुकानाच्या दारात सबंध बाजू उभ्याने ऐकली. सोबत टाचणी होती. टाचणी म्हणजे वर उल्लेखिलेली धाकटी बहीण. अंगाने बारीक आणि बोलण्यात टोकदार म्हणून घरात पडलेले नाव. ती तेव्हा सतरा वर्षांची. बाजू संपल्यावर मी काही बोलणार एवढ्यात ती म्हणाली, “दादा, ड्रमला वेगळा माईक लावलेला नाही.” दुकानदाराने तिच्याकडे आदराने पाहिले. माझ्याकडे पाहून त्याने कपडे चुरगळतायत एवढेच सांगितले.

दुसरा, ‘कमाल सहा व्यक्ती’. गिटारवादकाने पायाखालची नवी यंत्रे विकत घेतली आणि नव्या बुटांतले मूल जसे मुद्दाम करकर आवाज काढत चालते, तसा तो अल्बमभर वाजला. दोन गाणी ठेवण्याजोगी.

तिसरा, ‘तळमजला’. कीबोर्डचा प्रवेश. पहिली बाजू अभ्यासपूर्ण, दुसरी भरताड. हाच अपवाद. माझी प्रत आमच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या सरांना द्यावी. त्यांनी ती दोन दिवसांसाठी नेली, सात महिन्यांनी परत केली आणि तिसऱ्या गाण्यावर आडवा ओरखडा आला तो “आधीपासूनच होता” असे शिक्षक-खोलीत सर्वांसमोर सांगितले. ओरखडा त्यांचा आहे. त्यांची वस्तू त्यांच्याकडे जावी.

कलम ४. चौथा, ‘मधला मजला’. येथे मी शब्द जपून वापरतो. नऊ गाणी, एकही उणे-अधिक नाही. चाल बेस गिटार उचलते, मुख्य गिटार बहुतेक वेळ गप्प बसते, आणि गप्प बसणे हीसुद्धा वाजवण्याची रीत असू शकते हे पहिल्यांदा इथे कळते. सातवे गाणे ‘पायपुसणे’ ऐकून मी वर्गात गैरहजर राहिलो, हा माझ्या नोकरीतला एकमेव विनापरवाना दिवस. याच अल्बमनंतर मी चाहत्यांसाठी ‘गच्ची’ नावाचे, हाताने लिहून छापलेले पत्रक काढू लागलो. एकूण एकसष्ट अंक निघाले. संपादक मी, मुख्य लेखक मी, आणि वाचकांच्या पत्रांना उत्तरेही मीच देत असे. टाचणी अंकांची पाने लावून टाचत असे आणि टाचता टाचता माझी विशेषणे खोडत असे.

कलम ५. पाचवा, ‘दुरुस्ती चालू आहे’, दोन तबकड्यांचा आहे. एका तबकडीचा असता तर थोर झाला असता. सातव्यात गायक सोडून गेल्यामुळे ड्रमर गातो, आणि त्याला माहीत आहे की तो गायक नाही. या प्रामाणिकपणासाठी मी तो अल्बम वर्षातून एकदा ऐकतो. आठवा त्यांनी साठी उलटल्यावर काढला. लग्नातला सूट पुन्हा अंगावर चढवून पाहावा तसा तो आहे : बटणे लागत नाहीत, पण आरशासमोरून हलवत नाही.

कलम ६. सहावा, ‘आरसा’. मुख्य मुद्दा येथे आहे.

टाचणी तोवर ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेऊन त्याच क्षेत्रात शिरली होती. ‘आरसा’चे मिक्सिंग तिने केले. प्रत्येक वाद्य वेगवेगळे मुद्रित होते. ते सारे एकत्र आणून कोणाचा आवाज किती ऐकू यावा, कुठे यावा, कुठे थांबावा, हे ठरवणे म्हणजे मिक्सिंग. थोडक्यात, चौघे वाजवतात आणि ती ठरवते. अल्बमच्या वेष्टणावर मागे, बारीक अक्षरांत, तिचे नाव आहे. ते नाव मी पत्नीला, शेजाऱ्यांना आणि पोस्टमनला दाखवले. हे यासाठी नमूद करतो की माझे मत पूर्वग्रहातून आले असे कोणी म्हणू नये. पूर्वग्रह असलाच तर उलट बाजूचा होता.

माझे आक्षेप दोन. एक, बेस गिटार दाबून टाकली आहे. शेवटच्या गाण्यात तर ती जवळजवळ ऐकूच येत नाही. दोन, ते शेवटचे गाणे ‘उतरताना’ संपतच नाही. अकरा मिनिटे गायक कारणांमागून कारणे मांडतो, आवाज चढत जातो, तो “म्हणून मी” एवढे म्हणतो आणि तिथे गाणे तुटते. ‘म्हणून’ आहे, निष्कर्ष नाही. असा युक्तिवाद पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने लिहिला असता तर मी उत्तरपत्रिका परत दिली असती. मी ‘गच्ची’च्या एकोणचाळिसाव्या अंकात ‘निष्कर्षाविना’ हा चार पानी लेख लिहिला आणि जबाबदारी नेमकी मिक्सिंगवर टाकली. दोन वाचकांनी गाणे पूर्ण आहे असे कळवले. त्यांची पत्रे मी ‘भाविकांचा युक्तिवाद’ या शीर्षकाखाली छापली. त्यांनी ते कॅसेटवर ऐकले होते आणि कॅसेट हे माध्यम मी मानत नाही. पुढे बावीस वर्षे हे गाणे मी वर्गात सदोष युक्तिवादाचे उदाहरण म्हणून सांगितले. विद्यार्थ्यांना ते फार आवडे.

तो अंक टाचायला टाचणी नव्हती. तिने तो छापून आल्यावर वाचला, घरी आली, अंक टेबलावर ठेवला आणि विचारले, “दादा, तू शेवटपर्यंत ऐकलंस का?”

मी म्हणालो, “शेवटी काही ठेवलं असतंस तर ऐकलं असतं.”

तिने चष्मा पुसला, चहा पूर्ण घेतला, पत्नीशी पडद्यांच्या कापडाबद्दल बोलली आणि गेली. याला छत्तीस वर्षे झाली. आमचे भांडण नाही. ती येते, आम्ही तब्येती, भाचे, गुडघे, सगळ्यांविषयी बोलतो. संगीताविषयी बोलत नाही. त्या लेखानंतर वर्षभरात तिने बँडची कामे घेणे थांबवले आणि माहितीपटांना पक्ष्यांचे, यंत्रांचे आवाज देऊ लागली. एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे मी आयुष्यभर शिकवले आहे. पत्नी म्हणते, “शिकवा, शिकवा.”

सारांश : जिने ‘आरसा’ असा सोडला, तिच्या हाती बाकीचे सात सोपवणे तर्काला धरून नाही. सबब संग्रह ग्रंथालयाला.

कलम ७. रेकॉर्ड प्लेअर. तो संग्रहासोबतच जावा. तो चालू स्थितीत आहे, असे विधान करण्यापूर्वी खात्री करणे मला आवश्यक वाटल्याने कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावले आहे. तो येऊन गेल्यावर हे कलम पूर्ण करीन.

कलम ७, पुढे चालू. मेकॅनिक काल दुपारी येऊन गेला. जे घडले ते क्रमाने लिहितो.

त्याने प्लेअर पुसला, पट्टा बदलला आणि चाचणीसाठी एखादी रेकॉर्ड मागितली. हातासरशी मिळालेली ‘आरसा’ मी दिली. तिला ओरखडा पडला तरी मला चालणार होते. त्याने दुसरी बाजू लावली. मी नेहमीप्रमाणे खुर्चीत डोळे मिटून बसलो. “म्हणून मी” आले, सुईचा हात उचलला गेला, आपोआप जागेवर परतला. मी डोळे उघडून म्हणालो की यंत्र व्यवस्थित आहे.

तो तबकडीवर वाकून बघत होता. म्हणाला, “काका, गाणं अजून शिल्लक आहे.”

मी त्याला या गाण्याविषयीचे माझे मत थोडक्यात, म्हणजे दहाएक मिनिटांत, सांगितले. त्याने ते सगळे ऐकून घेतले आणि तबकडीवर बोट ठेवले. कोरलेल्या रेषा आत, मधल्या कागदापर्यंत गेल्या होत्या. हात त्याआधीच, अंगठ्याच्या रुंदीइतका अलीकडे, उठत होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आतला एक खिळा कारखान्यातूनच चुकीच्या भोकात बसला होता. इतर तबकड्यांच्या शेवटी तेवढी जागा कोरीच असते, म्हणून कधी लक्षात आले नाही. या एकाच बाजूवर गाणे काठोकाठ भरले होते.

“म्हणजे हे यंत्र छत्तीस वर्षं,” मी सुरुवात केली.

“वेळेआधी उठतंय,” त्याने संपवले. “घाई आहे त्याला.”

त्याने खिळा बदलला. मी ती बाजू पुन्हा लावायला सांगितली. पत्नी ओले हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

“म्हणून मी” नंतर चार ठोक्यांची शांतता आहे. मग गिटार थांबते, ड्रम थांबतात आणि बेस गिटार, जी अकरा मिनिटे मागे ठेवली होती, एकटी पुढे येते, इतकी जवळ की बोटे तारेवरून सरकल्याचे ऐकू येते. गायक वाक्य पूर्ण करतो. ते वाक्य मी येथे लिहीत नाही. ज्याला हवे त्याने ऐकावे. एवढेच नमूद करतो की निष्कर्ष आधारविधानांतून अचूक निघतो. नंतर खोलीतली एक खुर्ची करकरते आणि एक तरुणी हळूच म्हणते, “राहू दे, असंच राहू दे.” हा आवाज मी ओळखतो.

पत्नीने ती बाजू पुन्हा लावायला सांगितली. बेचाळीस वर्षांत असे दोनदाच झाले आहे.

संध्याकाळी मी टाचणीला फोन केला आणि घडलेले सांगितले.  ती म्हणाली, “बरं. कसं वाटलं?”

 मी मत बनवण्यासाठी आठवड्याची मुदत मागितली.

“घे,” ती म्हणाली. “एवढी वर्षं मत आधी झालं, आता ऐकणं होऊ दे.” नंतर तिने बेस इतका वेळ मागे का ठेवला होता ते सांगायला सुरुवात केली आणि आमचे जेवण गार झाले.

कलम ८. कलम ३ मधील ग्रंथालयाची तरतूद मी रद्द करतो. संपूर्ण संग्रह, प्लेअर व ‘गच्ची’चे एकसष्ट अंक टाचणीला. एकोणचाळिसाव्या अंकातील विशेषणे तिने इच्छेप्रमाणे खोडावीत. भूगोलाच्या सरांविषयीचा अपवाद कायम. आरंभीच्या दोन विधानांपैकी पहिल्याचा पूर्वार्ध अबाधित आहे. उत्तरार्ध मी मागे घेतो. दुसरे विधान त्यावरच उभे होते, ते आपोआप पडले.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, हा संकेत मेकॅनिकला समजावून सांगितला. प्लेअर आपल्याला मिळणार नाही हे ऐकून त्याने सही करण्यापूर्वी थोडा विचार केला. वरच्या मजल्यावरील दंतवैद्य बाईंनी सर्व कलमे वाचली आणि पाचव्या अल्बमवर अन्याय झाल्याचे मत नोंदवले. ते ग्राह्य धरलेले नाही.

कबुली. चूक यंत्राची होती, असे लिहिण्याची सोय आहे. ती मी घेत नाही. खिळा मला दिसत नव्हता. माझ्या बहिणीने मात्र मला समोर बसून एक साधा प्रश्न विचारला होता, ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे देता आले असते, आणि उत्तर ठाऊक नसताना मी तिला टोमणा मारला. माझ्याकडून चूक झाली.

(सही) मृत्युपत्र व वरील कबुली लिहून देणार

आमच्या दोघांच्या समक्ष सही झाली, आणि आम्ही एकमेकांसमक्ष केली :
१. (सही) दंतवैद्य, चौथा मजला
२. (सही) मेकॅनिक, कोपऱ्यावरचे दुकान

स्थळ : राहते घर, समोरची खोली
दिनांक : १९ मार्च २०२४