राणीचं नाक

१६ फेब्रुवारी २०१७, गुरुवार. मिल्टन, कॅनडा.
आजोबांनी इंग्लंडच्या राणीच्या पासष्ट वर्षांच्या राज्याचं चांदीचं ट्रायल नाणं माझ्याकडे दिलं. खरी नाणी पाडण्याआधी साचा तपासायला काढलेलं. सोमवारी, फॅमिली डेच्या सुट्टीला, त्यांच्या कॉइन क्लबचे लोक जेवायला येणार. तोवर नीट सांभाळलंस तर पुढे सगळा संग्रह तुझाच, म्हणाले. चुलतभाऊ नंदन म्हणाला, "हिच्याकडे? ही रिमोट फेकून मारते, आजोबा!" खोटं. रिमोट हातातून सुटला होता.
संकल्प: कोणावर हात उचलायचा नाही. आईने पाचवीपर्यंत घरीच शिकवलं, त्यातला हा पहिला धडा. पट्टीने मारून पाठ करून घेतला होता.

१७, शुक्रवार.
नाण्यावर बोटाचा ठसा. माझाच आहे का, ते बोट लावून तपासलं. आता चार ठसे.
ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने काढताना नंदन मागून म्हणाला, "नाण्यावर चार ठसे! बस्टेड!" शोव्हल त्याच्या नडगीला लागलं. बर्फात असं होतं.

१८, शनिवार.
आई देव्हाऱ्यातली चांदी रांगोळीने घासते. तसंच केलं. अर्धा तास. राणी आधी पांढरट दिसायची, आता आरशासारखी चमकते. नाक जरा बसकं वाटतं. बेसमेंटमधल्या उजेडाचा दोष.

१९, रविवार. सकाळी १०.
नंदनने बघितलं. "ओ माय गॉड, नाक कुठाय तिचं?" म्हटलं, वय झालंय त्यांचं. तो आजोबांना सांगायला निघाला. मी त्याला थांबवलं. लाटण्याने. दोनदाच, तिसरा फटका फ्रिजला बसला. त्याने वेणी ओढली, म्हणून मनगटाला चावले. रक्त थोडंच आलं. एकंदरीत संयम टिकून आहे.

२०, सोमवार. फॅमिली डे.
क्लबच्या चारुदत्तकाकांनी भिंग लावलं आणि जेवायचे थांबले. "हे घासलं कोणी?"
खरं बोलायचं ठरवलं होतं. "नंदनने," मी म्हणाले.
नंदनने बँडेज सोडून सगळ्यांना मनगट दाखवलं. मी डाव फेकला, आमटीसकट. तो आजोबांना लागला. चष्मा फुटला, कपाळावर टेंगूळ.
आजोबांनी दाढीवरची आमटी पुसली. "बाईने पासष्ट वर्षं राज्य केलं, नाकाला धक्का लागला नाही. तुझ्याकडे चार दिवस राहिली."
मग नाण्याची डबी नंदनच्या हातात दिली. चावलेल्याच.
मला म्हणाले, "कढई घास जा. तिथे लाव हवा तेवढा जोर."
घासली. कान तुटला.