उठ, भात निवला

प्रिय बाबा,

तुमचे गुडघे चालत नाहीत, म्हणून आजोबांची कबर शोधायला मीच निघाले. डाकारमधली सगळी सैनिक-स्मारकं पालथी घातली, पण आजोबांचं नाव कुठेच नव्हतं. शेवटी सैनिकांच्या कब्रस्तानात गेले, तर तिथे सगळ्याच कबरी बिननावाच्या.

मी रडवेली उभी होते. आजोबांना शोधतेय म्हटल्यावर म्हाताऱ्या राखणदाराने आडनाव विचारलं.

"सेक," मी म्हटलं.

"तरीच. मी गेय." त्याची कळी खुलली. "तुम्ही सेक म्हणजे खादाड. तुझा आजा परात चाटत बसला असेल, म्हणून परेडला उशीर होऊन यादीत नाव राहून गेलं असेल."

"परात गेयांनी पळवली नसेल तर," मी म्हटलं. सेक आणि गेय भेटल्यावर एकमेकांना खादाड म्हणायचंच, मग कब्रस्तान का असेना, हे तुम्हीच शिकवलंत.

तो म्हणाला, रोज सकाळी झाडताना तो प्रत्येक कबरीला सांगतो, "उठ रे खादाडा, भात निवला."

"प्रत्येक?"

"नावं कुठेत? एखादा सेक असला, तर बिचारा थट्टेवाचून राहायला नको."

हे पत्र मी टाकणार नाही, तुम्ही वाचता वाचता रडाल. फोनवर एवढंच सांगीन, की आजोबांना रोज जेवायला हाक मारणारं माणूस तिथे आहे.

तुमची,
कुंबा