जोडलेले हात

शिरूर. मंगळवार, संध्याकाळ.

कुणाला सांगता येत नाही, म्हणून वहीत लिहिते.

आमच्या ऑनलाइन ग्रुपवर सगळे पंचविशीच्या आतले. खरं नाव कुणीच लावत नाही, म्हणून तर दौंडच्या माझ्या त्याच्याबद्दल मी तिथं सगळं लिहून बसले. पण 'रानपाखरू' नावाचा एकजण प्रत्येक मेसेजच्या शेवटी जोडलेले हात टाकतो. आमच्या वयाचं कोण टाकतं ते? माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या वयाची माणसं टाकतात. आम्ही हसायचो.

काल त्यानं लिहिलं, "ताई, वरवंडच्या पाहुण्यांना घाबरू नका." पुढं जोडलेले हात. रविवारी बघायला पाहुणे येणार, एवढंच मी लिहिलं होतं. वरवंडचं नाव कुठंच घेतलं नव्हतं.

म्हणून आज ग्रुपवर मुद्दाम खोटं टाकलं, डोकं फुटायची वेळ आलीय. घरात कुणाला काही बोलले नाही. थोड्या वेळात आई बाम घेऊन आली.

"लई दुखतंय व्हय गं? आप्पा म्हनले, पोरीला बाम नेऊन दी."

आप्पा!

म्हणजे दौंडचंही माहीत आहे. कधीपासून? सकाळी समोर बसून नेहमीसारखी भाकरी खाल्ली. ओरडले असते तर निदान कळलं तरी असतं. मला घरात कोंडतील? त्याला गाठतील? की...

आत्ता ओट्यावर पाठमोरे बसलेत, फोन हातात. ग्रुपवर मेसेज आलाय.

"ताई, बामानं बरं वाटलं का?"

पुढं तेच जोडलेले हात.