शनिवारची धडधड

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज मरणार असं वाटलं. मेले नाही.

चार वाजले असतील. परातीत पीठ मळत होते. एकाएकी छातीत धडधडायला लागलं – गिरणी सुरू व्हावी तसं! हातांना मुंग्या, घशात गोळा, श्वास आत जाईना. पिठाचे हात तसेच घेऊन भिंतीला टेकले. शेजारची हौसाआत्या धावत आली, तोंडावर पाणी मारलं. म्हणाली, "काय नाय गो झालंय तुला. उन्हातून आली असशील." उन्हात गेलेच नव्हते.

संध्याकाळी हे आले. जेवले. झोपले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मुरबाडला जाऊन कार्डिओग्राम काढला. या वर्षातला तिसरा. नॉर्मल! डॉक्टर हसून म्हणाले, "ताई, तुमचं हृदय माझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

परत येताना टोकावड्यापर्यंत एसटीत रडत होते. काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं. लोकांना सांगायला तरी काही नाव मिळालं असतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

हौसाआत्या म्हणते बाहेरचं असेल, भगताकडे जाऊ. नको म्हटलं. ती रुसली. आता दोन दिवस येणार नाही. म्हणजे दोन दिवस माणसाचा आवाज नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

शहापूरला गेले. मुरबाडला सगळे ओळखीचे, 'मनाच्या डॉक्टर'च्या दारात दिसले की गावभर. शहापूरला तशा एक डॉक्टरबाई दर मंगळवारी येतात. केस पिकलेले, आवाज मऊ. तरी घाम फुटला होता.

सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. मग म्हणाल्या, "बांधावर साप दिसला की पाय आधी उडी मारतात, डोकं मागून विचार करतं. हो ना? तुमचं शरीर तशी उडी मारतंय. खोटी नाही ती. धडधड खरी, मुंग्या खऱ्या. फक्त साप कुठे आहे ते आपल्याला दिसत नाहीये."

खोटी नाही! वर्षभरात पहिल्यांदा कोणी असं म्हणालं.

श्वास शिकवला. आत घेताना चार मोजायचे, सोडताना सहा. सोडणं लांब, ते महत्त्वाचं. दोन्ही तळपाय जमिनीला दाबून धरायचे. आणि धडधड आली की लिहायचं – किती वाजता, त्याच्या आधी काय चाललं होतं.

शेवटी विचारलं, "घरी बोलता कोणाशी?"

"हौसाआत्याशी."

"नवऱ्याशी?"

"ते आसनगावला कंपनीत असतात. तिथेच खोली आहे. शनिवारी येतात."

एवढंच सांगितलं. खोटं नाही बोलले. पण खरंही नाही.

७ डिसेंबर, शनिवार

चार वाजता. तांदूळ निवडत होते. धडधड, मुंग्या, सगळं.

तळपाय दाबले. सारवलेली जमीन गार लागली. चार आत, सहा बाहेर. पहिल्या तीन वेळा जमेना, सहापर्यंत श्वास पुरेना. मग पुरला. हळूहळू धडधड उतरली. माझी मीच उतरवली!

कोणाला सांगावं कळेना. शेळीला सांगितलं.

१० डिसेंबर

काही नाही.

११ डिसेंबर

काही नाही.

१२ डिसेंबर

दिवसभर वरच्या शेतात पेंढा रचत होते. एकटी. चिटपाखरू नाही. तरी काही नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

चार वाजता. खूप जोरात.

१५ डिसेंबर, रविवार

हे मघाशी गेले. सगळी पानं मागे जाऊन वाचली. शनिवार. शनिवार. शनिवार. मला वाटत होतं एकटेपणाचं दुखणं आहे. सोमवार ते शुक्रवार एकटीच तर असते!

आता लिहितेच. हे अकरा महिने माझ्याशी बोललेले नाहीत. एक शब्द नाही. आमच्या लेकीने, अपेक्षाने, कल्याणला कोर्टात लग्न केलं, पोराची जात वेगळी. मला आधी माहीत होतं. मी लपवलं. पोरगी म्हणाली, "आई, बाबांना आत्ता नको ना सांगू," म्हणून लपवलं. त्या दिवशी हे म्हणाले, "तुला ठाऊक होतं." तोच शेवटचा शब्द.

मारत नाहीत. शिव्या नाहीत. पगार फळीवर ठेवतात. हौसाआत्याशी पिकापाण्याचं दोन शब्द बोलतात. गावात म्हणतात, कुंडलिकसारखा नवरा मिळायला भाग्य लागतं. मग मी काय सांगू? नवरा गप्प बसतो म्हणून मला मरायला होतं, असं?

चारला शेळी बांधायची, मग पीठ मळायचं, मग शनिवारी यांच्या गाडीची वाट. शरीराला ते आधीच कळतं. मलाच कळत नव्हतं.

२१ डिसेंबर, शनिवार

मी बोलले!

ते हात धुवत होते. मी दारात उभी राहिले. तळपाय दाबून धरले. म्हटलं, "चुकले मी. अकरा महिने मनात रोज चुकले म्हणतेय. आता नाय सोसत. बोलायचं असंल तर या. नायतर येऊ नका."

माझाच आवाज मला परका वाटला. त्यांनी नळ बंद केला. माझ्याकडे बघितलं. ओठ हलले असं वाटलं, की नाही हलले? पिशवी उचलून गेले. न जेवता.

२८ डिसेंबर, शनिवार

आले नाहीत. चारला काही झालं नाही.

४ जानेवारी, शनिवार

आले नाहीत. धडधड नाही, मुंग्या नाहीत. बरी झाले म्हणायचं?

भाकऱ्या दोनच केल्या. पूर्वी एकटेपणाचा दोष त्यांना देता येत होता. आता कोणाला देऊ?

१३ जानेवारी, सोमवार

म्हसा गावच्या जत्रेला गेले. एकटी! बैलांच्या बाजाराकडून पाळण्यांपर्यंत चालत गेले, तरी छाती शांत. मग माहेरची प्रेमा भेटली. "कुंडलिकदाजी नाय आलं गं?" गोळा घशात आलाच. "ड्युटी आहे," म्हटलं. घोंगड्यांच्या ढिगामागे उभी राहून चार-सहा, चार-सहा केलं. मग भजी खाल्ली. गरम होती. चव लागली, हे लिहायला हवं.

२१ जानेवारी, मंगळवार

शहापूर. डॉक्टरबाईंच्या दाराबाहेर, बाकावर हे बसलेले. कंपनीचा निळा शर्ट. एका हातात केसपेपर, दुसरा हात छातीवर दाबलेला.

उठून जातील वाटलं. गेले नाहीत. मी शेजारी बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

आतून दोन पेशंट येऊन गेले. मग खाली बघतच म्हणाले, "पोर गेली तवापासून. तुझ्याशी बोलाया तोंड उघडलं का श्वासच अडकतो."