पिवळी तोंड उघडत नाही

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (तुझ्या माशांच्या टाकीसमोर ओणवा राहून कंबर अर्धी वाकलेलीच आहे, उरलेली तू वाकवून घे.) दाजींचा ऑपरेशन झालेला गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हणावं.

दवाखान्याच्या धावपळीत टाकी माझ्याकडे सोपवताना तू म्हणालीस, "चिमूटभर खाणं टाक, बाकी डोकं चालवू नकोस." आता डोकं म्हणजे काय नळ आहे बंद करायला? तर झालं असं, की तुझ्या पिवळीनं अचानक खाणं सोडलं आणि गाल फुगवून दगडामागे जाऊन बसली. मी तत्काळ ओळखलं, घशाला सूज. (शाळा अर्धवट सुटली असेल माझी, पण घड्याळाच्या काट्यावरून आतलं चाक ओळखतो मी.) मिठाचं पाणी केलं, फरक नाही. तुझी भावजय म्हणाली, "रुसली असेल, तुमच्या घरात आलीये ना!" मी दुर्लक्ष केलं. शेवटी आमच्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे उघडून बघायचं ठरवलं. तिला अलगद जाळीत घेऊन उथळ पाण्यात ठेवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळाचा बारीक चिमटा तिच्या ओठांशी नेला. तिनं तोंड किंचित उघडलं.

ताई, आतून डोळे माझ्याकडे बघत होते. टाचणीच्या डोक्याएवढे, काळेभोर, दाटीवाटीनं. केसासारखी स्प्रिंग बसवताना कधी न सुटलेला चिमटा माझ्या हातून सुटला गं.

तिला दगडाशी सोडलं आणि माशांच्या दुकानदाराला गाठलं. तो म्हणाला, "काका, बाळंतीण आहे ती, सूज कसली!" ही जात अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलते. नराच्या पोटाखालच्या परावर अंड्यासारखे ठिपके असतात. राहिलेलं अंडं समजून ती ते टिपायला जाते, तेवढ्यात नर बीज सोडतो आणि तिथंच, तोंडातच, अंडी फळतात. (असला नाजूक मेळ मी कुठल्याही घड्याळात पाहिलेला नाही.) मग ती अंडी तोंडात घोळवत राहते, श्वासाचं पाणी त्यांच्यावरून फिरवते. पिल्लं पोहायला लागली, तरी धोका दिसला की आईच्या तोंडात पळतात. इतके दिवस ती उपाशी! पोट पाठीला लागलंय, खाणं नाकासमोरून तरंगत जातंय, पण तोंड मिटलेलं ते मिटलेलंच. आणि मी शहाणा तिला घशाचे उपचार करत होतो.

दाजींना नमस्कार.

तुझा
धाकटा

ता. क. रविवारी टाकी न्यायला टेम्पो सांगितलायस, तो रद्द कर. हादऱ्यानं घाबरली तर पिल्लं टाकून देईल, नाहीतर गिळून टाकेल.

आणखी ता. क. पिल्लं सुटल्यावर तिला अंग धरायला वेळ लागणार. तोवर पुन्हा अंडी होतील. मग पुन्हा हलवणं बरं नाही. थोडक्यात, टाकी इथेच राहू दे ना गं.

ताई, मी तुमची भावजय. हे दुकानात पाकीट आणायला गेलेत, तेवढ्यात लिहिते. टाकी खरंच राहू द्या. ती उपाशी म्हणून हे तिच्यासमोर जेवत नाहीत, ताट घेऊन जिन्यात बसतात. शेजारीण विचारते, भांडलात का? कालपासून मीही माझं ताट घेऊन तिथंच बसते.