फिरवलेली मान

सांगता येत नव्हतं काय तुले, माय? माह्या सासरच्या सात पिढ्या उद्धरणारी जीभ होती तुझी. मंग एवढी एक गोष्ट घेऊनच काऊन मेली?

तुझी पणती, माही नात, परवा आली. शहरात मोठ्या प्रयोगशाळेत काम करते. मी सुपात वाळले झिंगे पाखडून राह्यली होती अन ही सांगते, "आजी, आम्ही म्हाताऱ्या माणसाच्या हाताची इतकुशी चामडी घेतो. तिच्या पेशी मागं नेतो, पोटातल्या लेकरासारख्या कोवळ्या करतो. त्याले मूळपेशी म्हणतात. मंग बशीत त्यायच्यापासून डोळ्याच्या मागच्या पडद्याचा थर वाढवतो." सूपच सुटलं हातातून. चामडीपासून डोळा! मी म्हणलं, "करणी शिकली काय वं पोरी?" तर हसली. "पुरा डोळा नाई, एक थर. म्हातारपणी तो काऊन बिघडते, ते पाहून राह्यलो. बरं करणं अजून जमलं नाई."

मंग तो रोग सांगितला. मोतीबिंदू नाई, दुसराच. आधी सरळ रेघा वाकड्या दिसतात, मंग समोरच्या माणसाचं तोंडच डागात बुडते, कडेचं तेवढं दिसते. "मंग माणूस मान फिरवून कोपऱ्यातून पाहते, आजी. लोकायले वाटते, तोंड फिरवलं."

झिंगे अंगणभर सांडले होते. वेचता वेचता मले तो दिवस आठवला.

शिबिरात तुझा मोतीबिंदू काढून महिना झाला होता. साऱ्यायले वाटे, आता म्हातारीले लख्ख दिसते. नवरा सोडून, लेकरू कडेवर घेऊन मी तलावाच्या पाळीवर येते, तू जाळं सांधून राह्यली आहेस, अन माह्याकडं पाहून मान फिरवतेस. मी भडकते. "तोंड पाहाचं नाई काय माहं? इतकी जड झाली?" तू म्हणतेस, "तुलेच तर पाहून राह्यली वं." मले तो टोमणाच वाटला. त्याच पावली फिरली मी. मंग आली ते तुझ्या मातीलेच.

म्हणजे सांगितलं होतंस तू. वर लिहिलेलं भांडण मागं घेतलं. चौथीपर्यंतच्या शाळेत लिहिलेलं खोडाले शिकवलं नाई, म्हणून राहू दिलं.

अन एक. आठवडा झाला, जाळ्याचे सरळ चौकोन मले वाकडे दिसून राह्यले. पोरीले सांगितलं नाई अजून. तिनं माही चामडी मागितली, तर देईन.

हा कागद तांदळाच्या डब्याखाली राहीन. पण जबाब पाहिजे. डॉक्टरचा नाई, पणतीचा नाई, तुझ्याच तोंडून: त्या दिवशी पाळीवर दिसली होती काय मी तुले?