तुझ्या डाव्या हातातला चुडा

प्रिय आई,

आज कोठी भागातल्या आमच्या सोनोग्राफी सेंटरात एक डॉक्टरबाई नवं तंत्र समजावून गेल्या, आणि माझं डोकंच सणकलं. तुला सोडून कुणाला सांगू?

स्तनाचा कॅन्सर असला की छातीत रंग टोचायचा. वरून प्रकाशाचे झटके द्यायचे. काखेत सगळ्यांनाच बारीक गाठी असतात; त्यातली रंग पोचलेली गाठ किंचित तापते, बारीक आवाज करते, आणि तो आमच्या यंत्राला ऐकू येतो. कॅन्सर काखेत उतरला तर आधी याच गाठीत उतरणार. तेवढीच सुईनं तपासायची. अजून चाचण्याच चालल्यात म्हणे.

तुझ्या ऑपरेशनात मात्र अख्खी काख खरवडली! का, तर खात्रीसाठी. रिपोर्ट आला, एकाही गाठीत काही नाही. आणि आम्ही येडे, मलकपेठेत घरोघरी पेढे वाटले. चांगल्या गाठी कापून फेकल्याचे पेढे!

गाठी गेल्या, पाणी तुंबलं, महिन्याभरात डावा हात फुगला. "या हाताला घट्ट काही नको, ओरखडासुद्धा नको," डॉक्टर म्हणाले. मी तिथंच उभी होते, आई. मी ऐकलं होतं.

तरी माझ्या लग्नात काय केलं? नवरा परदेशी कंपनीतला, त्याची माणसं पुण्याहून येणार, व्हिडिओ काढणार! बांगड्या भरताना चूडीवाली खाला तुझा हात धरून थबकली. "नक्को बेटा, सूजन है." तिला कळलं. मी म्हणाले, "डालो खाला. मुलीच्या आईचे हात भुंडे? वाईट दिसतं."

तिनं साबण लावून चढवल्या. एक पिचली, मनगटावर ओरखडा उठला. तू पदर ओढून म्हणालीस, "हौ, काही नाही झालं." का नाही ओरडलीस गं? एक थोबाडीत का नाही ठेवून दिलीस?

तिसऱ्या दिवशी ताप. मग दर दोन-तीन महिन्यांनी तो हात लालभडक आणि पुन्हा ताप. चौथ्या वर्षी असल्याच तापात तू गेलीस.

बाबा अजून सगळ्यांना सांगतात, कॅन्सरनं गेली. मी शेजारी बसून मान हलवते. इतकी वर्षं हलवतेय!

आता नाही. तुला शब्द देते, आज घरी गेल्या गेल्या बाबांना सांगणार. कॅन्सर नव्हता, मी भरायला लावलेला चुडा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना वाईट दिसेन.

दिसू दे.

तुझी हट्टी,
शोभा